नारळी पौर्णिमेच्या गोष्टीत सीगल काढायचे का?

शाईचोर

नमस्कार मंडळी. चित्रं काढणारे आणि लिहिणारे, दोघांसाठी धागा काढतेय.

सध्या एका बालकथेची चित्रं हातात आहेत. गोष्ट रायगडच्या किनाऱ्यावरची, कोळीवाड्यातली. तांडेल (होडीचे कप्तान) आजोबा, पहिल्यांदाच होडीत चढणारा नातू, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ, सगळा सरंजाम झकास जमलाय. आणि तिसऱ्याच परिच्छेदात लेखक लिहून मोकळे झालेत की आभाळात पांढरेशुभ्र सीगल स्वच्छंद विहरत होते.

इथे माझं घोडं अडलंय. नारळी पौर्णिमा येते श्रावणात, म्हणजे ऑगस्टच्या आसपास. आपल्याकडे थव्यांनी दिसणारे सीगल, म्हणजे कुरव, हे हिवाळी पाहुणे. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या उंचावरच्या तळ्यांकाठी अंडी घालतो, ऑक्टोबरच्या सुमाराला इकडे उतरतो आणि मार्च-एप्रिलात परत जातो. पावसात एखादा चुकार दिसलाच तर दिसला. लेखकांना कळवलं. उत्तर आलं, "मुलांना समुद्र म्हटला की सीगल हवाच. महिना कोण बघतंय?" प्रकाशकही त्यांच्याच बाजूचे.

माझी तक्रार नुसत्या सीगलबद्दल नाही. आपलं समुद्राचं चित्र शाळेतल्या चित्रकलेच्या तासालाच पक्कं झालंय. दोन नारळ, त्यांच्या मधोमध सूर्य, शिडाची होडी, वर चार वाकड्या रेघा म्हणजे पक्षी. पाणी कायम निळं. श्रावणात अलिबागच्या समुद्राचा रंग बघा एकदा, दूध जास्त झालेल्या चहासारखा असतो.

तर, काढू की नको? आणि किनाऱ्यावर बसून काढताना-लिहिताना तुमच्या हाताला नेमकं काय लागतं तेही सांगा. भांडलात तरी चालेल.

खारावारा

नका काढू.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे (रत्नागिरी) आभाळात असते ती ब्राह्मणी घार. विटकरी अंग, पांढरं डोकं, पांढरी छाती. ढगाळ दिवसात तो विटकरी रंग असा उठून दिसतो की सीगल त्यापुढे फिका. बंदरावर होडी लागली की घिरट्या सुरू. आणि खाली कावळे. जाळ्याच्या ढिगावर, नांगराच्या दोरावर, इंजिनाच्या पत्र्यावर, जिथे बघाल तिथे कावळा. कोकणातल्या बंदराचं चित्र कावळ्याशिवाय पुरं होत नाही, पण पुस्तकांत त्याला कोणी घेत नाही बिचाऱ्याला.

काळसर राखाडी रंगाचा एक बगळाही असतो खडपांवर, रीफ हेरॉन. एकाच जातीत पांढरेही असतात आणि पाटीसारखे काळपटही. एकटा उभा राहतो आणि लाट फुटून मागे गेली की नेम धरतो. तुमच्या आजोबा तांडेलांच्या पानावर तो फार शोभेल.

बोरूबहाद्दर

मी लेखकांच्या बाजूने बोलतो, कोणीतरी बोललं पाहिजे.

बालकथा म्हणजे पक्षिनिरीक्षणाची टिपणवही नाही. मुलाच्या डोक्यात समुद्र उघडायचा आहे. पांढरा पक्षी, मोठं आभाळ, बस. कालिदासाने वर्णिलेल्या प्रत्येक पक्ष्याची मोसमवार हजेरी घ्यायला बसलो तर काव्य उरेल का? शिवाय चित्रकाराने लेखकाला महिना शिकवायचा, हे जरा जास्तच होतंय. (हलके घ्या.)

शाईचोर

@खारावारा, घार लगेच वहीत उतरवली. आभार.

@बोरूबहाद्दर, कालिदासाचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. पावसाच्या सुरुवातीला मानसरोवराकडे निघालेले राजहंस त्याने मेघाच्या सोबतीला दिले. हंस पावसाळ्यात उत्तरेला असतात हे त्याला ठाऊक होतं. तेव्हा महिना बघणारा तो तुमच्याआधीचा.

बोरूबहाद्दर

हाणलंत. तरी मुद्दा सोडत नाही.

पिसारा

काढायचे की नाही हे तुमचं तुम्ही बघा, पण कधीतरी काढणार असाल तर कसे काढायचे यावर लिहितो. वर्षानुवर्षं अलिबागजवळच्या आक्षी-नागावला हिवाळ्यात दुर्बीण घेऊन बसणारा माणूस आहे, त्यामुळे जरा लांबेल.

आपल्या किनाऱ्यावर एकच सीगल नसतो. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा हे दोन लहान, सगळ्यांत जास्त दिसणारे. गंमत म्हणजे आपल्याकडे असताना बहुतेक काळ दोघांचंही डोकं पांढरंच असतं. डोळ्याच्या मागे कानापाशी एक काळपट ठिपका, एवढंच. डोकं रंगतं ते परतीच्या सुमाराला, फेब्रुवारी-मार्चात. म्हणजे जानेवारीतल्या चित्रात गडद डोक्याचे कुरव थव्याने काढलेत तर तेही गडबडलंच. दोघांत फरक करायचा तर पंख बघा. तपकिरीच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके असतात आणि वयात आलेल्याचा डोळा फिकट. दुसऱ्याचा डोळा गडद, आणि उडताना पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी पट्टी चमकते. शिवाय मोठे कुरव वेगळे, निमुळत्या चोचीचा वेगळा. आणि पिल्लावस्था सरलेले पण पुरते मोठे न झालेले तपकिरी चट्ट्यापट्ट्यांचे असतात. लहान जातींना पूर्ण पिसारा यायला दुसरं वर्ष उजाडतं, मोठ्या जातींना चौथं. त्यामुळे थवा कधीच एकसारखा पांढराशुभ्र नसतो. थोडा मळका, थोडा ठिगळं लावलेला. चित्रकाराला तेच तर हवं ना?

पंखांची टोकं काळी का, हेही माहीत असू द्या. ज्या काळ्या रंगद्रव्याने ती काळी होतात त्याने पीस चिवट होतं आणि झिजत कमी. टोकांवरचे पांढरे ठिपके मात्र हंगामाअखेर झिजून जातात.

आता जी गोष्ट मला जवळजवळ प्रत्येक चित्रात चुकलेली दिसते ती. वाळूवर बसलेले कुरव वाऱ्याकडे तोंड करून बसतात. सगळेच्या सगळे. पाठीत वारा घुसला की पिसं उलटी होतात, म्हणून. आपल्या किनाऱ्यावर दुपारनंतर खारे वारे, समुद्राकडून. म्हणजे संध्याकाळी तुम्ही सुरूच्या बनातून बघत असाल तर तुम्हाला पक्ष्यांच्या पाठी दिसणार, तोंडं सूर्याकडे. पहाटे मतलई वारा असतो, तेव्हा तीच मंडळी गावाकडे तोंड करून बसलेली. चित्रात होडीवरचा झेंडा समुद्राकडे फडकतोय आणि पक्षीही समुद्राकडेच बघतायत, असं दिसलं की समजायचं की चित्र खोलीत बसून काढलंय.

उडताना त्या वाकड्या रेघेचाही अर्थ आहे. खांद्यापासून मनगटापर्यंत पंख पुढे येतो, मनगटापासून टोकापर्यंत मागे जातो. कोन मनगटाशी असतो, मधोमध नसतो. हा एक कोन जमला की चार रेघांतही कुरव दिसतो. नाही जमला तर पीस न् पीस काढलंत तरी कबूतर.

कुंचला_आणि_कोळंबी

वाऱ्याचं भारी! वाचनखूण साठवली.

जलरंगवाल्यांसाठी माझी भर. पांढरा पक्षी पांढऱ्या रंगाने काढू नका. कागद कोरा सोडा आणि सावली रंगवा. उन्हात कुरवाचं पोट कधीच राखाडी नसतं. वाळूवरून उडत असेल तर वाळूचा पिवळट उजेड पोटावर पडतो, पाण्यावरून असेल तर हिरवट. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचच्या वरच्या डेकवर हे अगदी डोळ्यांच्या पातळीवर दिसतं. लाँचच्या कडेने वर उसळणाऱ्या वाऱ्यावर ते पंख न हलवता तरंगत राहतात, हात लांब केला तर लागतील इतके जवळ. उडत्या पक्ष्याचं रेखाटन करायला याहून सोपी जागा मला ठाऊक नाही. पावसाळ्यात ती लाँच बंद, म्हणजे शाईचोर यांना तिथूनही पुरावा मिळतोच.

फक्त एक वाईट वाटतं. लोक कुरकुरे आणि वेफर्स उधळतात आणि पक्षी त्यासाठीच मागे लागतात. "स्वच्छंद विहरत" वगैरे काही नाही, पोटासाठी लाँच धरून चाललेले असतात.

बोरूबहाद्दर

हे मात्र लेखकाला उपयोगी आहे. लाँचचा पाठलाग करत, एकमेकांच्या चोचीतून वेफर हिसकावणारा पक्षी हा स्वातंत्र्याच्या प्रतीकापेक्षा कितीतरी चांगलं पात्र आहे. त्याला घेऊन एक विनोदी गोष्ट होईल. शाईचोर, तुमच्या लेखकांना सुचवा. मी लिहिली तर मानधन मागेन.

कानसेन

ध्वनिसंयोजनाचं काम करतो, म्हणून वेगळा कोपरा.

मालिकेत किंवा चित्रपटात कोकणचा समुद्र आला की मागे एक खिदळल्यासारखा, चढत जाणारा, लांबलचक आवाज ऐकू येतो. तो बहुतेक वेळा युरोपातल्या हेरिंग गलचा, म्हणजे तिकडच्या एका मोठ्या कुरवाचा असतो. ध्वनिसंग्रहात 'समुद्रकिनारा' शोधलं की तोच हाताशी येतो, आणि डेडलाइन डोक्यावर असते. आपल्याकडचे लहान कुरव असे हसत नाहीत. त्यांचा आवाज आखूड आणि कर्कश, भांडण लागल्यासारखा. लेखक मंडळी 'समुद्रपक्ष्यांचा किलबिलाट' लिहितात तेव्हा माझे कान बधिर होतात.

कोळीवाड्याचा खरा आवाज टिपायला गेलात तर पक्षी मागे पडतो. लिलावाच्या बोली, बर्फ फोडण्याचा आवाज, एकसिलिंडर इंजिनाची ठकठक, आणि ओहोटीला चिखलात रुतलेल्या होडीचा दोर ताणला जातो तेव्हाची करकर. हर्णैला संध्याकाळी वाळूवर लिलाव भरतो तिथे सुवर्णदुर्ग समोर दिसत असतो, पण तो बघायला कोणाला फुरसत नसते. लिहायचं असेल तर तिथे डोळे मिटून थोडा वेळ उभे राहा. (मिटून उभे राहिलात तर टोपलीचा धक्का खाल, ते वेगळं.)

ब्रायटनकर

ज्यांचा हा खिदळणारा आवाज आहे त्यांच्याच गावातून लिहितेय. इथे ब्रायटनला घराच्या धुराड्यापाशी हेरिंग गलचं घरटं आहे. पहाटे चारला आवाज सुरू होतो. आवाज देताना तो आधी मान खाली घालतो, जवळजवळ पायाशी नेतो, आणि मग झटक्यात वर फेकतो. चित्रकारांनो, ही पोझ जरूर काढा, विलक्षण नाटकी असते.

इथल्या माणसांचं आणि गलचं नातं प्रेमाचं नाही. हातातला मासा-चिप्सचा पुडा पळवतात म्हणून लोक वैतागलेले. पण घरट्याला हात लावायची सोय नाही, १९८१ च्या कायद्याने संरक्षण आहे. आणि एवढे डोईजड वाटणारे हे पक्षी देशभरात कमी झालेत, २००९ पासून ब्रिटनच्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहेत. किनाऱ्यावर मासे आणि घरट्याच्या जागा कमी झाल्या म्हणून गावातल्या छपरांवर आले, असं दिसतं. मला हे कोकणातून मुंबईत आलेल्या चाकरमान्यांच्या गोष्टीपेक्षा फार वेगळं वाटत नाही.

रेखाटन करणाऱ्यांच्या कामाची एक गोष्ट. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर प्रयोग केला. चिप्सची पिशवी ठेवायची आणि गलकडे एकटक बघत राहायचं. रोखून बघितलं की गल चिप्सपर्यंत यायला सरासरी २१ सेकंद जास्त घेत होते. माझा अनुभव हाच. वहीतून मान वर करून टक लावलं की साहेब मान वळवतात. त्यामुळे मी तिरकं बघून काढते, आणि माझी सगळी चित्रं तिरक्या कोनातली झालीत.

अवांतर: सावरकरांची समुद्रावरची ती कविता १९०९ साली इथल्याच किनाऱ्यावर सुचली. तिच्यात एकही सीगल नाही. एवढे डोक्यावर ओरडत असताना त्यांना एकदाही जागा दिली नाही, यावर मी अधूनमधून विचार करते. माणूस बघत होता समुद्रापलीकडे.

पिसारा

तुमच्या गवतावर नाचतात का ते? पाय आपटत, जागच्या जागी?

ब्रायटनकर

हो! पावसाचा भास होऊन गांडुळं वर येतात म्हणे. बागेत हा कार्यक्रम रोज असतो. चेहरा अत्यंत गंभीर, खाली पाय तबल्यावर.

अर्धामेंदू

मानसशास्त्र शिकवतो, म्हणून 'किती खरं काढायचं' या वादात थोडी रॉकेल ओततो.

निको टिनबर्गन नावाचा शास्त्रज्ञ, १९७३ च्या नोबेलचा एक मानकरी. हेरिंग गलच्या पिवळ्या चोचीवर खालच्या बाजूला लाल ठिपका असतो. पिल्लू त्या ठिपक्यावर टोचतं आणि आई-बाप पोटातलं खाणं बाहेर काढतात. टिनबर्गनने पिल्लांपुढे पुठ्ठ्याची डोकी धरून बघितली. डोकं हुबेहूब असायची गरज नव्हती, लाल ठिपका उठून दिसला की पुरे. आणि एका बारीक लाल काडीला टोकाशी पांढरे पट्टे काढून ती धरली, तर पिल्लं खऱ्यासारख्या डोक्यापेक्षाही तिच्यावर जास्त तुटून पडली.

पुढे मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी हाच प्रयोग कलेला लावला. चोळ काळातल्या कांस्यमूर्तींमधली कंबर आणि नितंब जसे अतिशयोक्तीने घडवलेले असतात, किंवा व्यंगचित्रात नाक, ते म्हणजे आपल्यापुढे धरलेली पट्ट्यांची लाल काडी, असं त्यांचं म्हणणं. गलच्या पिल्लांचं कलादालन असतं तर त्यांनी भिंतीवर तीच काडी टांगली असती, अशा अर्थाचं ते बोलतात.

म्हणजे हुबेहूबपणाचा हट्ट नको, हे बोरूबहाद्दरांचं खरं. पण टिनबर्गनने काडी कुठल्याही रंगाची घेतली नव्हती. ठिपका लाल आहे आणि पिल्लू लालवरच टोचतं, हे बघूनच घेतली. आधी काय महत्त्वाचं ते हेरावं लागतं, मग ते वाढवायचं. शाळेतल्या त्या चार वाकड्या रेघांत काहीच हेरलेलं नाही.

बोरूबहाद्दर

माझ्या बाजूने बोलायला सुरुवात करून मला बुडवणारे तुम्ही पहिले नाही.

भीमाकाठचा

समुद्र लांब पडतो म्हणणाऱ्या पुणे-सोलापूरकरांसाठी: भिगवणला या. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात कुरवांचे थवे असतात, तपकिरी डोक्याचेही आणि तो मोठा पॅलासचा कुरवही. सोबत नदीसुरय (रिव्हर टर्न). डिसेंबर-जानेवारीत सकाळी नावेतून बसून काढा. दिल्लीत यमुनेच्या घाटावरही हिवाळ्यात हेच, लोक शेव टाकतात आणि फोटोवाले रांग लावतात. सीगल म्हणजे समुद्र हे समीकरणच मुळात तितकं घट्ट नाही. उंच तळ्यावर जन्म, धरणावर थंडी, आणि पुस्तकात मात्र जन्मभर समुद्र.

वलांडी

उशिरा आले धाग्यावर. माहेर भाईंदरजवळच्या उत्तनचं, कोळीवाड्यातलं. चित्रकार नाही, पण पुस्तकांत आमचं गाव बघून हसू येतं म्हणून लिहिते.

श्रावणात होड्या कशा असतात ते आधी बघा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, प्लास्टिक आणि झापांनी झाकलेल्या. नारळी पौर्णिमा जवळ आली की झाकणं निघतात, रंग लागतो. कोळीवाड्यात तेव्हा ऑइलपेंटचा वास असतो, मासळीचा कमी. पुरुष ओट्यावर जाळी सांधत बसलेले. होडीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) ताजा रंग, अजून ओला, त्यावर कोणाचं तरी बोट उमटलेलं. नातवाचंच असू द्या ते बोट. तुमच्या गोष्टीत हे काढलंत तर आमचा माणूस पान उलटायचा थांबेल.

पुस्तकांतला आणखी एक घोळ म्हणजे कोळीवाडा दाखवायला बारमाही सुकत घातलेले बोंबील. पावसात बोंबील वाळतात होय? वलांडी, म्हणजे बोंबील वाळवायची काठ्या-दोऱ्यांची मांडणी, भरते पाऊस गेल्यावर, ऊन तापलं की. आणि बोंबील चिमट्याने अडकवत नाहीत. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टांगायची, एक अलीकडे, एक पलीकडे. लांबून झालर दिसते, जवळून बघितलं की प्रत्येक जोडी दात विचकून भांडतेय. बायका हे काम न बघता करतात, तोंडाने गप्पा चालू.

सीगलना वलांडीत रस नसतो. तिथे त्रास कावळ्यांचा आणि बगळ्यांचा, म्हणून वरून जुनं जाळं टाकतात.

कुंचला_आणि_कोळंबी

ताई, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका. ओल्या रंगावरचं बोट!

खारावारा

+१. आणि लेखकांनो, वासाबद्दल 'खारट वारा' याच्यापुढे जा. ऑइलपेंट, डिझेल, ओलं गोणपाट, कुजका नायलॉन, वाळत टाकलेला जवळा, ओहोटीला येतो तो तिवरांच्या चिखलाचा वास. प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. वासावरून भरती की ओहोटी सांगणारी म्हातारी माणसं आहेत आमच्याकडे.

नवीन_वही

माझा बाळबोध प्रश्न. पावसात समुद्रपक्षी अजिबातच नसतात का? मी आषाढातली भयकथा लिहितोय, मला एक पक्षी हवा आहे.

पिसारा

भयकथेला तर हवाच तसा आहे. पावसाळी वादळात खोल समुद्रावरचे पक्षी भरकटत किनाऱ्यावर येऊन पडतात. मास्क्ड बूबी, सूटी टर्न, कधी फ्रिगेटबर्ड. मुंबई-कोकणात अशा नोंदी होत असतात. बूबी म्हणजे बदकाहून मोठा, पांढरा, तोंडावर काळा मुखवटा, चोच सुरीसारखी. थकून वाळूवर बसलेला असतो आणि माणूस जवळ गेला तरी उडत नाही, नुसता बघतो. आषाढातल्या संध्याकाळी तुमच्या नायकाला तो मुखवटा दिसू दे. (प्रत्यक्षात दिसला तर मात्र कथा बाजूला ठेवून वनखात्याला फोन करा, आणि पाण्यात परत ढकलू नका. तो दमलेला असतो.)

नवीन_वही

अंगावर काटा आला. नायकाच्या जागी मलाच दिसला तर काय, म्हणून.

शाईचोर

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून काढले. काल लेखकांशी पुन्हा बोलले. वाऱ्याचा किंवा लडाखचा मुद्दा त्यांना फार पटला नाही, पण वलांडीताईंचं ओल्या रंगावरचं बोट ऐकून ते फोनवरच गप्प झाले आणि म्हणाले, "हे मी घेऊ का गोष्टीत?" ताई, तुमची परवानगी न विचारता हो म्हटलंय, रागावू नका. तिसरा परिच्छेद ते नव्याने लिहितायत. आभाळात ब्राह्मणी घार, नांगराच्या दोरावर कावळे. समुद्र मातकट करायलाही तयार झाले.

मुखपृष्ठावर मात्र प्रकाशक अडून बसलेत. त्यांना निळं पाणी आणि पांढरा पक्षी हवाच, दुकानात लांबून पुस्तक ओळखू आलं पाहिजे म्हणे. त्यावर अजून ओढाताण चालू आहे. मी घारीचं पांढरं डोकं मोठं करून एक कच्चं चित्र पाठवलंय, अर्धामेंदूंची लाल काडी म्हणा हवं तर.

आणि ताई, डिसेंबरात उत्तनला येऊन वलांडी काढायची आहे. कोणाला विचारायचं?

वलांडी

परवानगी आहे, पुस्तकाची एक प्रत मात्र पाठवायची.

विचारायचं कोणाला कशाला? सरळ या. फक्त सकाळी लवकर या, बायका बोंबील लावत असतात तेव्हा. दुपारी नुसते बोंबील दिसतील. रविवार टाळा, गर्दी असते. आणि फोटो काढायच्या आधी समोरच्या बाईला विचारा, वही काढलीत तर विचारायची गरज नाही, त्याच येऊन बघतील आणि नाक चुकलंय म्हणून सांगतील.